सोलापूरच्या उन्हात कुंडीतली झाडं का मरतात?

मार्च सरता सरता सोलापुरातल्या बहुतेक गच्च्यांवर सारखंच चित्र दिसायला लागतं. दिवाळीच्या सुमारास हौसेनं आणलेल्या गुलाबाच्या फांद्या काळ्या पडलेल्या असतात, टोमॅटोची पानं लोंबकळत असतात, मोगरा पिवळा पडलेला असतो. घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्याकडं ऊनच एवढं, काय टिकणार!" ऊन आहे, यात वादच नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 अंशांवर जातो आणि गच्चीचा स्लॅब त्याहून तापतो. तरीही माझं ठाम मत आहे की आपल्या शहरात कुंडीतल्या बहुतेक झाडांचा जीव आधी मुळाशी जातो. एकतर मुळं गुदमरतात, नाहीतर क्षारानं भाजून निघतात. ऊन फक्त शेवटचा धक्का देतं. मुळाशी काय चालतं हे एकदा समजलं की खत, फवारणी, शेडनेट या गोष्टी आपोआप जागच्या जागी बसतात.

जुळे सोलापुरात आमचं घर आहे. पुढं थोडं अंगण, वर गच्ची. अंगणातली फळझाडं ह्यांची: डाळिंब, कागदी लिंबू, सीताफळ. गच्चीवरची भाजी आणि फुलं माझी. म्हणजे माती एकीकडं खोल आणि दुसरीकडं फूटभर. या एका फरकातूनच घरबागेतलं निम्मं शास्त्र उलगडतं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

शेतातली काळी माती आणि कुंडीतली काळी माती

सोलापूर हा रब्बीचा जिल्हा. जून-जुलैत पाऊस हुलकावणी देतो आणि भरवशाचा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो. त्यानंतर पेरलेली ज्वारी थंडीभर जवळजवळ पावसाविना वाढते. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात मालदांडीचं कणीस भरतं ते जमिनीत मुरलेल्या ओलीवर. एक मीटर खोल काळी माती साधारण 150 ते 200 मिलिमीटर पावसाइतकं पाणी पिकासाठी धरून ठेवू शकते. पडलेलं पाणी जमिनीत कसं टिकवायचं, याच प्रश्नावर काम करायला 1933 साली सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. देशातल्या अशा अगदी सुरुवातीच्या केंद्रांपैकी ते एक.

एवढं पाणी धरायची ताकद येते चिकणमातीच्या कणांमुळं. ते अतिशय बारीक आणि चपटे असतात, थरावर थर रचलेले, आणि पाणी त्या थरांच्याही मध्ये शिरतं. म्हणून ही माती भिजली की फुगते आणि वाळली की आक्रसून तिला भेगा पडतात. मे महिन्यात रानातल्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो तो याच कारणानं.

हीच माती बारा इंची कुंडीत भरली की गुणाचा दोष होतो. शेतात जास्तीचं पाणी खाली झिरपत राहतं. वरच्या थरातल्या मोठ्या पोकळ्या मोकळ्या होतात आणि त्यांत हवा शिरते. कुंडीत खाली जायला जागाच नसते. बारीक कणांमधल्या बारीक पोकळ्या पाण्यानं भरून राहतात आणि हवेला वाटच उरत नाही.

हवा कशाला, असं वाटेल. पण मुळंही श्वास घेतात. जमिनीतून पाणी आणि अन्नद्रव्यं ओढायला ऊर्जा लागते आणि त्या ऊर्जेसाठी मुळांना ऑक्सिजन हवा असतो. पाण्यातून ऑक्सिजन हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. म्हणजे माती सतत चिंब राहिली की मुळांचा श्वास कोंडतो, ती कुजायला लागतात आणि कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही. आता वर झाड कोमेजलेलं दिसतं. आपण म्हणतो, "अगं बाई, पाणी कमी पडलं," आणि अजून एक तांब्या ओततो. पाण्यात उभं असलेलं झाड तहानेनं मरतं ते असं.

तळाशी खडी घालावी का?

कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्या म्हणजे निचरा होतो, हा सल्ला इतका पसरलाय की त्यावर कुणी शंकाच घेत नाही. एक साधा प्रयोग करून बघा. भांडी घासायचा नवा, जाड, लांबट स्पंज पाण्यात बुडवून काढा आणि आडवा धरा. टपटप थांबेपर्यंत थांबा. आता तोच स्पंज न पिळता उभा करा. खालच्या टोकातून पुन्हा पाणी गळायला लागेल.

स्पंज तोच, भोकं तीच. आडवा असताना जेवढं पाणी त्याला धरवत होतं तेवढं उभा केल्यावर धरवत नाही. कुंडीतल्या मातीचं नेमकं असंच असतं. पाणी घालून निथळून गेलं तरी तळाशी काही इंचांचा थर चिंब राहतोच. या थराची उंची मातीच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर ठरत नाही. माती जितकी बारीक तितका ओला थर उंच. सहा इंची पसरट कुंडीत तो थर जवळजवळ अख्खी कुंडी व्यापतो. पंधरा इंची उंच कुंडीत त्याच मातीचा तेवढाच थर तळाशी राहतो आणि वरची मुळं मोकळा श्वास घेतात.

खडी घातली की काय होतं? बारीक मातीतलं पाणी खडीच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. माती पूर्ण चिंब होईपर्यंत ते मातीलाच धरून राहतं. त्यामुळं ओला थर खडीच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि मुळांची जागा उलट कमी होते. भोकावर एक खापराचा तुकडा पुरे, तोही माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठी. निचरा हवा असेल तर अख्ख्या कुंडीतली माती भुसभुशीत करावी लागते.

आम्ही गच्चीसाठी काळी माती एकूण मिश्रणाच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त घेत नाही. बाकी चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि विटेचा भरड चुरा किंवा जाड वाळू. बारीक, पिठासारखी वाळू नको, ती काळ्या मातीत मिसळली की सिमेंटसारखा गठ्ठा होतो. कोकोपीट आधी भरपूर पाण्यात भिजवून, निथळून, दोनदा धुऊन घ्यावं, कारण त्यात बऱ्याचदा मीठ असतं. अंगणात मात्र काळी माती आहे तशीच राहू द्यावी आणि शेणखत वर पसरावं. तिथं खोली आहे, गांडुळं आहेत, भेगा आहेत, निचऱ्याचं काम माती स्वतः करते. फक्त खोडाशी पाणी साचणार नाही असा थोडा उंचवटा हवा.

दुपारी मान टाकलेला दोडका

दुपारी दोन वाजता गच्चीवर गेलं की दोडका, दुधी, भोपळा यांची मोठी पानं छत्री मिटल्यासारखी पडलेली असतात. ते बघून जीव कळवळतो आणि हात नळाकडं जातो. इथं क्षणभर थांबायचं.

झाड मुळांनी जे पाणी ओढतं त्यातलं बहुतेक सगळं पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून वाफ होऊन बाहेर जातं. वाढीसाठी अगदी थोडं वापरलं जातं. ही वाफ वाया जात नाही. ती पान थंड ठेवते आणि खालचं पाणी वर खेचते. भर दुपारी पानातून पाणी जाण्याचा वेग मुळांच्या पुरवठ्यापेक्षा जास्त होतो. मग पान लुळं पडतं आणि छिद्रं मिटून घेतं. लुळं पडलेल्या पानावर ऊनही कमी बसतं. संध्याकाळी पाचनंतर हिशोब बरोबर होतो आणि वेल ताठ होतो. हे दुखणं नव्हे.

खरी तपासणी सकाळी सहा-सातला करायची. रात्रभर पानातून पाणी जवळजवळ जात नाही, त्यामुळं निरोगी झाड पहाटे पूर्ण भरलेलं असतं. सकाळीही मान खाली असेल तर बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत घालायचं. कोरडं लागलं तर पाणी द्यायचं. ओलं लागलं तर पाणी पूर्ण बंद करून कुंडी सावलीत न्यायची, कारण मुळं कुजायला लागली आहेत. वरून कोरडी दिसणारी माती खाली ओली असते, हे काळ्या मातीत नेहमीचं आहे. त्यामुळं नुसतं बघून अंदाज करायचा नाही.

दोघं मिळून बाग करणाऱ्या घरात एक वेगळाच धोका असतो. ह्यांना सहाला जाग येते, मी साडेसातला वर जाते.

"अहो, वांग्याला पाणी घातलंत का?"

"घातलं की."

"आणि मिरचीला?"

"मिरचीला… बहुतेक घातलं."

त्या 'बहुतेक'वर कुंडी दोनदा भिजते. आमच्याकडं प्रत्येक कुंडीत एक खडा असतो. पाणी घालणाऱ्यानं तो काठावर ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पहिला जो वर जाईल त्यानं सगळे खडे पुन्हा खाली, मातीवर. याला काही खर्च नाही आणि वादही होत नाहीत.

पाण्यातलं न दिसणारं मीठ

आता सोलापूरच्या बागेतला सगळ्यात दुर्लक्षित विषय. महापालिकेचं पाणी उजनीहून येतं आणि ते दिवसाआड-चार दिवसांआड मिळतं. त्यामुळं बागेला बोअरचं पाणी जातं. बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं असलं तरी त्यात विरघळलेले क्षार असतात. बादलीला, गिझरला, नळाच्या तोटीला पांढरा थर धरतो तोच हा क्षार.

टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र मिळतं. त्यावर 1000 आकडा आला याचा अर्थ एका लिटरमध्ये एक ग्रॅम क्षार. एका मोठ्या कुंडीला उन्हाळ्यात रोज दीड लिटर पाणी घातलं तर रोज दीड ग्रॅम, महिन्याला 45 ग्रॅम. पाणी वाफ होऊन उडून जातं, झाड क्षारातला थोडासाच भाग घेतं, बाकी सगळा कुंडीत साठतो. 45 ग्रॅम मीठ तळहातावर घेऊन बघा, मग त्याचं वजन मनाला कळेल. एप्रिल-मे-जूनमध्ये त्याच्या तिप्पट.

मातीत क्षार वाढले की पाणी असूनही झाडाला ते ओढता येत नाही, कारण क्षार पाणी आपल्याकडं धरून ठेवतात. लोणच्याच्या फोडींना मीठ लावलं की त्यांचंच पाणी बाहेर येतं, तीच ओढ इथं मुळांविरुद्ध काम करते. खूण पानाच्या कडेला दिसते: टोक आणि कडा तपकिरी, कुरकुरीत, आतला भाग हिरवा. मातीवर आणि मातीच्या कुंडीच्या बाहेरून पांढरी पापुद्र्यासारखी रेघ येते. लोक तिला बुरशी समजून औषध मारतात.

उपाय एकच, क्षार धुऊन बाहेर काढायचा. रोज घोटभर-घोटभर पाणी देणं सगळ्यात वाईट, त्यानं क्षार आत साठत जातो. द्यायचं तेव्हा एवढं द्यायचं की थोडं पाणी खालच्या भोकातून बाहेर पडेल. महिन्यातून एकदा कुंडीच्या दुप्पट मापाचं पाणी सावकाश ओतून सगळं निथळू द्यायचं. हे काम नळाच्या गोड्या पाण्यानं केलं तर उत्तम. अर्थात त्यासाठी मिश्रण भुसभुशीत हवं. नुसत्या काळ्या मातीत धुणंही होत नाही आणि मुळंही गुदमरतात.

याच हिशोबानं दोन सवयी तपासून बघाव्यात असं मला कळकळीनं वाटतं. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून कित्येक घरांत झाडांना घालतात. त्या पाण्यात मूळ पाण्यापेक्षाही जास्त क्षार असतात. फरशी पुसायला, गाडी धुवायला ते वापरा. दुसरं कूलरच्या टाकीतलं शिल्लक पाणी. दिवसभर वाफ होऊन राहिलेलं ते पाणी क्षारानं घट्ट झालेलं असतं. उलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं, ते मी बादलीत साठवून बोअरच्या पाण्यात मिसळते. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणीही चांगलं.

पावसाचं पाणी सर्वांत गोड. हिशोब सोपा आहे: 100 चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला की 100 लिटर पाणी. सप्टेंबरातल्या एका चांगल्या 20 मिलिमीटरच्या सरीला 2000 लिटर. त्यातलं थोडं उडतं, पहिल्या सरीचं धुळीचं पाणी सोडून द्यावं लागतं, तरी एक पिंप भरायला एवढी सर पुष्कळ झाली. कुंड्याही त्या वेळी आडोशाखाली असतील तर उघड्यावर काढा. आभाळातून फुकट धुलाई होते.

पिवळं पान कुठलं, जुनं की नवं

पान पिवळं पडलं की युरिया, ही सवय मोडायला हवी. आधी बघायचं की पिवळं पान फांदीवर कुठं आहे. खालची, जुनी पानं सगळीकडून सारखी पिवळी पडत असतील तर नत्र कमी आहे, कारण झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पालवीला देतं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, जणू हिरव्या शाईनं जाळी काढलीय, असं दिसलं तर लोह कमी. लोह एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही, म्हणून कमतरता नव्या पानात दिसते.

आपल्या मातीत लोह भरपूर असतं. पण माती चुनखडीयुक्त, सामू (पीएच) आठच्या आसपास, आणि बोअरचं पाणीही तसंच. अशा मातीत लोह विरघळत नाही. सामू एका अंकानं वाढला की विरघळणाऱ्या लोहाचं प्रमाण हजार पटीपर्यंत घसरतं. लिंबू, मोगरा, जास्वंद, पेरू यांना हे पटकन जाणवतं. मातीत नुसतं हिराकस (फेरस सल्फेट) टाकलं तर ते चार दिवसांत चुन्याला बांधलं जातं. एका लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस आणि एक ग्रॅम लिंबूसत्व घालून संध्याकाळी पानांवर फवारलं की पंधरवड्यात नवी पानं हिरवी येतात. हिराकस शेणखतात मुरवून मग मातीत दिलं तर जास्त टिकतं. मुळं गुदमरलेली असतील तर यातलं काहीच लागू पडत नाही, म्हणून आधी बोट घालून ओल बघायची.

टोमॅटोचा बूड काळा पडतो, त्याची गोष्टही अशीच. सगळे सांगतात कॅल्शियम कमी, अंड्याची टरफलं घाला. आपल्या चुनखडीच्या मातीत कॅल्शियमला तोटा नाही. कॅल्शियम झाडात फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर जातं, आणि तो प्रवाह पानांकडं जोरात, फळाकडं मंद असतो. दोन दिवस कुंडी खडखडीत आणि तिसऱ्या दिवशी पाण्याचा लोंढा असं झालं की फळाच्या बुडापर्यंत कॅल्शियम पोचत नाही आणि तिथल्या पेशी मरतात. ओल सारखी ठेवली की पुढची फळं चांगली येतात. डाळिंब तडकतं तेही बहुधा ओलीच्या चढउतारानं. कोरड्यात साल ताठ होते, मग एकदम पाणी मिळालं की आतले दाणे फुगतात आणि सालीला ताणता येत नाही.

कोणत्या महिन्यात काय

टोमॅटोला एप्रिलमध्ये फुलं येतात आणि गळतात. दिवसाचं तापमान 35 अंशांवर आणि रात्रही उबदार असली की त्याचे परागकण निकामी होतात. कितीही खत घाला, फळ धरत नाही. त्यामुळं टोमॅटो, मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा, गाजर, फ्लॉवर हे सगळं सोलापुरात ऑक्टोबर ते फेब्रुवारीचं. आपल्या बागेचा खरा हंगाम शेतासारखाच रब्बीचा आहे. उन्हाळ्यात गवार, भेंडी, चवळी, दोडका, वांगं, अंबाडी, तांबडा माठ. भेंडीला उष्णता आवडतेच. माठ तर तापमान चढलं की जोमानं वाढतो. हिरवी 50 टक्के शेडनेट मार्चमध्ये बांधावी आणि पहिला पाऊस झाला की काढावी. वर्षभर ठेवली तर भाजी लांबोडी, फिकी होते.

गच्चीवर कुंडी थेट स्लॅबवर ठेवू नये. मुळं पानांइतका ताप सोसत नाहीत आणि काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत उन्हाच्या बाजूची मुळं अक्षरशः शिजतात. खाली दोन विटा, बाहेरून चुना किंवा ओलं गोणपाट, एवढ्यानं फरक पडतो. पाइप उन्हात पडलेला असतो, त्यातलं पहिलं पाणी हाताला चटका देईल इतकं गरम येतं, ते आधी बाजूला सोडून द्यावं.

विश्रांती आणि बहर

ह्यांचं डाळिंब आणि माझा मोगरा ही दोन वेगळी झाडं, पण त्यांना फुलवायची युक्ती एक. शेतकरी डाळिंबाचं पाणी काही आठवडे तोडतात, पानगळ होऊ देतात, मग छाटणी, खत आणि पाणी. यालाच बहर धरणं म्हणतात: मृग, हस्त आणि आंबे. पाणी तुटलं की नवी पालवी थांबते, तयार झालेलं अन्न फांद्यांत साठतं आणि पाणी परत मिळताच ते फुलांकडं वळतं. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र 2005 पासून केगावला आहे, त्यामुळं या झाडाची माहिती आपल्या दारातच मिळते. घरच्या दोन झाडांना आंबे बहर सोयीचा, असं आमचं मत. डिसेंबरात पाणी कमी करायचं, जानेवारीच्या शेवटी छाटून पाणी सुरू करायचं. उन्हाळ्यात दोन झाडांपुरतं पाणी घरी भागतं, आणि पावसाळी दमट हवेत जोर धरणारा तेल्या रोग बऱ्यापैकी टळतो.

मोगऱ्याचं तेच. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली की मी मोगरा वीतभर ठेवून छाटते, उरलेली पानं खुडते, वरची दोन बोटं माती काढून शेणखत भरते आणि मगच पाणी वाढवते. मोगऱ्याची कळी नव्या फुटीवरच येते. जुनी काडी तशीच ठेवून पाणी घालत राहिलं तर नुसता पाला वाढतो. मार्चमध्ये गच्चीवर गेलं की गजऱ्यापुरत्या कळ्या मिळायला लागतात.

सीताफळाचं फूल जरा जवळून बघण्यासारखं आहे. तीन जाड, हिरवट पाकळ्या, खाली तोंड केलेलं, सहज दिसतही नाही. यात स्त्रीकेसर आधी तयार होतो, परागकण नंतर. ज्या वेळी ते पराग घेऊ शकतं त्या वेळी त्याच्याकडं स्वतःचे पराग नसतात, आणि पराग सुटतात तोवर स्त्रीकेसराची वेळ टळलेली असते. एका फुलाचे पराग दुसऱ्यात नेण्याचं काम बारीक भुंगेरे करतात, पण शहरात ते पुरेसे नसतात आणि मेच्या कोरड्या हवेत स्त्रीकेसर सुकतो. म्हणून झाड फुलांनी लगडलं तरी फळं मोजकी. पावसाची हवा आली की आमचे हे सकाळी लवकर एक मऊ ब्रश आणि बाटलीचं झाकण घेऊन अंगणात जातात. पाकळ्या पूर्ण उघडलेल्या फुलातले पराग झाकणात झटकायचे आणि नुकत्याच किलकिल्या झालेल्या फुलात ब्रशनं हळूच फिरवायचे. दुधी-भोपळ्याचं याहून सोपं: पाठीमागं इवलं फळ असलेलं ते मादी फूल, त्यावर नर फूल तोडून घासायचं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, भोपळ्याचं पहाटे.

आच्छादन आणि मडकं

उन्हाळ्यात पाणी वाढवण्याआधी ते उडणं थांबवायला हवं. शेतात कोळपणी केली की अर्धं पाणी दिल्यासारखं, असं जुने शेतकरी म्हणतात. कोळप्यानं वरची माती मोकळी होते, भेगा बुजतात आणि खालची ओल वर येऊन उडण्याची वाट तुटते. कुंडीत हेच काम खुरपीनं वरची माती हलवून आणि आच्छादनानं होतं. कडब्याचे तुकडे, उसाचं पाचट, वाळलेला पाला, काहीही चालतं. मला सगळ्यात आवडतात ती शेंगांची टरफलं. चटणीसाठी शेंगा फोडल्या की ढीग उरतोच. दोन बोटं जाड थर द्यायचा, खोडाला चिकटू द्यायचा नाही. अंगणात वाळवी असेल तर थर पातळ ठेवावा.

गावाला जायचं असेल किंवा फळझाडाला उन्हाळ्यात सारखी ओल हवी असेल तर कुंभाराकडचं बिनचकाकीचं, चार-पाच लिटरचं मडकं आणावं. झाडापासून दीड-दोन फुटांवर गळ्यापर्यंत पुरायचं, पाणी भरायचं, वर झाकण. आजूबाजूची माती कोरडी झाली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी खेचते. माती ओली झाली की खेच थांबते आणि पाझरही मंदावतो. झाडानं जेवढं प्यायलं तेवढंच पाणी बाहेर येतं, तेही चिखल न होता. बोअरच्या पाण्यानं मडक्याची छिद्रं क्षारानं बुजतात, म्हणून त्यात नळाचं नाहीतर साठवलेलं पावसाचं पाणी घालावं. पाझर कमी वाटला तर मडकं काढून व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर ठेवून काथ्यानं घासावं.

कुंड्यांसाठी जुन्या सुती टॉवेलची पट्टी पुरते. एक टोक बादलीत तळापर्यंत, दुसरं कुंडीत चार बोटं खोल, आणि बादली कुंडीपेक्षा थोडी उंच. जाण्याच्या दोन दिवस आधी लावून बघावी, पट्टीच्या जाडीवर पाण्याचा वेग ठरतो. आमच्या मिरचीला बोटभर रुंद पट्टी लागते, वांग्याला दोन बोटं.